ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या आरोग्यविषयक भाषणांपैकी एका भाषणाचा हा मजकूर. वक्त्या ए विंगमधील सभासद असून दंतवैद्य आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी सभासदांनी विचारलेले काही प्रश्न व उत्तरे दिली आहेत. – संपादक मंडळ)



मला माईकची सवय नाही. माझ्या खुर्चीत जो माणूस बसतो, त्याला बोलता येत नाही. त्याचं तोंड मी भरून ठेवलेलं असतं. आज तुम्हा सगळ्यांना बोलता येतंय, त्यामुळे मला थोडी धाकधूक आहे.

सेक्रेटरींनी मला ‘दातांची निगा’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, ब्रश कसा करावा हे ऐकायला गच्चीवर चार मजले चढून कोण येणार? त्यापेक्षा रूट कॅनलवर बोलते. कारण सोसायटीतून मला रात्री-अपरात्री जे निरोप येतात, त्यातले बरेचसे एकच असतात. ‘ताई, दाढ ठणकतेय, कुठली गोळी घेऊ?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा निरोप, ‘ताई, आता बरं आहे, येत नाही.’ गरज सरो, वैद्य मरो! मला मरायला हरकत नाही, पण तुमच्या दाढेचं काय होतं ते आज सांगायचंय.

काकांची गोष्ट

आधी एक गोष्ट सांगते. आठ वर्षांपूर्वीची आहे. आपल्या बी विंगमधले एक काका. नाव घेत नाही, पण ते आज इथे बसलेत आणि त्यांनीच मला परवा सांगितलं, ‘माझं सांग, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.’

काका एका रविवारी रात्री गालाला हात लावून आमच्या दारात उभे. खालची उजवी दाढ. मधुमेह आधीपासून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढ उघडली, आतली खराब झालेली नस काढली, औषध ठेवलं आणि वरून तात्पुरतं सिमेंट भरलं. म्हटलं, ‘काका, आज झोप लागेल.’ लागली. आठ दिवसांनी पुढची सिटिंग होती. पण घरात लेकीचं लग्न. काका म्हणाले, ‘आता काही दुखत नाहीये गं, लग्न झालं की येतो.’ मी ‘बरं’ म्हटलं.

लग्न झालं. मग पावसाळा आला, मग गणपती आले. चार महिन्यांनी रात्री दोन वाजता काकूंचा फोन. जाऊन बघते तर काकांच्या हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी दगडासारखी कडक सूज. तोंड एक बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. लाळ गळत होती. आवाज असा, की तोंडात गरम बटाटा धरून माणूस बोलतोय. आणि आडवं झालं की श्वास अडकत होता, म्हणून काका पलंगावर बसून होते. मी काही तपासत बसले नाही. सी विंगमधल्या दोन मुलांना उठवलं, गाडी काढली आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठलं. नऊ दिवस काका तिथे होते. गळ्याला बाहेरून छेद घेऊन पू काढावा लागला. काका वाचले. ती खूण त्यांच्या हनुवटीखाली अजून आहे.

दाढेचा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि गळ्यात पसरला की असं होतं. क्वचित होतं, पण होतं. मधुमेह ताब्यात नसेल तर धोका आणखी वाढतो.

काका म्हणतात, चूक त्यांची. मी म्हणते, अर्धी माझी. मी त्यांना ‘आता दुखणार नाही’ एवढंच सांगितलं. दुखणं का थांबलं आणि न आल्यास काय होऊ शकतं, हे सांगितलंच नाही. शेजारचे, घरचे, म्हणून गृहीत धरलं. त्यानंतर मी एक वही केली. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांची नावं त्यात असतात, आणि दर शनिवारी मी फोन करते. तुमच्यापैकी काही जणांना त्या फोनचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. पण फोन बंद होणार नाही.

दाताच्या आत काय असतं?

आता दाताकडे वळू. दात म्हणजे एक भरीव दगड, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बाहेरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत डेंटिन. ते जरा मऊ, पिवळसर, आणि त्यात अतिशय बारीक नळ्या असतात. आणि अगदी मध्ये एक छोटी खोली असते, तिच्यात पल्प असतो. पल्प म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशी. बोलीभाषेत आपण त्यालाच ‘नस’ म्हणतो. त्या खोलीतून मुळांच्या टोकापर्यंत अरुंद वाटा जातात. मूळ म्हणजे रूट आणि वाट म्हणजे कॅनल. नाव इतकं साधं आहे.

पुढच्या दाताला बहुधा एकच वाट असते. वरच्या पहिल्या उपदाढेला साधारणपणे दोन. खालच्या मोठ्या दाढेला तीन किंवा चार. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन, पण वाटा पुष्कळदा चार, आणि ती चौथी इतकी बारीक आणि लपलेली असते की शोधताना आमचा घाम निघतो. ‘त्याच्या दाताला पाऊण तास लागला, माझ्या दाढेला तीन सिटिंग का?’ याचं उत्तर इथे आहे. टू रूम किचन रंगवायला आणि अख्खी विंग रंगवायला सारखा वेळ लागत नाही.

आता कीड. कीड म्हणजे अळी नव्हे. गावाकडे कानात धुरी देऊन दाढेतली ‘कीड’ काढणारे असायचे. ती हातचलाखी. तोंडातले जंतू आपण खाल्लेली साखर आणि पीठ खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल एनॅमल विरघळवतं. दिवसातून एकदा श्रीखंड खाल्लं तर त्यानं तितकं बिघडत नाही, जितकं दर तासाला चहा-बिस्किट घेतल्यानं बिघडतं. दाताला सावरायला मधे वेळ मिळायला हवा.

कीड एनॅमलमध्ये आहे तोवर काही दुखत नाही. डेंटिनमध्ये गेली की थंड-गोड झोंबतं. आणि पल्पपर्यंत पोचली की पल्पला सूज येते. आता विचार करा, पायाला लागलं तर पाय सुजतो, कारण कातडी ताणली जाते. पल्पच्या भोवती चारी बाजूंनी कडक भिंती. सुजायला जागाच नाही. आतला दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. रात्री आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून ठणकाही वाढतो. दाढ रात्रीच का दुखते, त्याचं कारण हे.

केव्हा साधं भरून भागतं, केव्हा नाही?

हे लक्षात ठेवा. थंड पाणी लागलं, झोंबलं, आणि काही सेकंदांत थांबलं, तर पल्प बहुधा वाचण्यासारखा आहे. कीड साफ करून दात भरला की काम होतं. खर्च कमी, वेळ कमी. म्हणून याच टप्प्यावर या.

पण पाणी प्यायल्यानंतर कळ मिनिट-दोन मिनिटं किंवा जास्त रेंगाळली, काही न खाता आपोआप ठणका लागला, रात्री झोपेतून उठवलं, गरम चहानं कळ मस्तकात गेली, तर पल्प परत बरा होण्याच्या पलीकडे गेला असण्याची शक्यता मोठी. काही लोक अशा वेळी तांब्या घेऊन बसतात आणि तोंडात गार पाणी धरून ठेवतात, तेवढाच वेळ बरं वाटतं. अशी माणसं दवाखान्यात बाटली हातात घेऊनच येतात. बाटली बघूनच आम्हाला पुष्कळसं कळतं.

आणि मग एक दिवस दुखणं अचानक थांबतं. लोक खूश. ‘लवंग लावली, थांबलं.’ लवंगेनं नाही थांबलं. आतला पल्प मेला. मेलेल्याला दुखत नाही. पण तिथे जंतू तसेच असतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरतात. कधी चावताना दात उंच झाल्यासारखा वाटतो. कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, जाते, परत येते. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. तो पू बाहेर पडायचा मार्ग असतो. आणि कधी काकांसारखं होतं.

म्हणून आजच्या भाषणातलं दुसरं काही नाही लक्षात राहिलं तरी चालेल, एवढं ठेवा. उपचाराशिवाय दुखणं थांबलं, तर दात दाखवायची घाई जास्त करा.

आणि ही लक्षणं दिसली तर माझी वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरणारी सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, गिळायला त्रास, श्वासाला त्रास.

गोळ्यांविषयी

आता जरा रागावते. आपल्याकडे दाढ दुखली की मेडिकलमध्ये जाऊन अँटिबायोटिक मागायची पद्धत आहे. मागच्या वेळची उरलेली गोळी डब्यात असतेच. मंडळी, मेलेल्या पल्पमध्ये रक्त जात नाही. गोळी रक्तातून जाते. मग ती तिथे पोचणार कशी? टाकीत घाण साचलीय आणि आपण पाइपावर औषध फवारतोय, असा तो प्रकार. दाढ उघडून आतली घाण काढणं हाच उपाय. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. दाताचा उपचार लगेच मिळत असेल, तर एरवी तब्येत ठीक असलेल्या माणसाला दाढदुखीसाठी बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नये, असं त्यात आहे. ताप असेल, सूज पसरत असेल, तर द्यावीच लागते, पण ती डॉक्टरांनी, आणि उपचाराच्या जोडीला. नको तिथे घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी चालत नाही.

वेदनाशामक गोळी एक-दोन दिवस चालेल, तीही विचारून. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, यांपैकी काही असेल तर मनाने अजिबात नाही. आणि गोळी गिळायची असते. दाढेपाशी हिरडीवर ठेवायची नसते. अॅस्पिरिन दाबून धरल्यामुळे हिरडी पांढरी होऊन भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

लवंगेचा तुम्हाला राग येऊ देत नाही. लवंगेत युजेनॉल असतं, त्यानं तात्पुरता आराम पडतो, आणि आम्हीसुद्धा ते दातात भरायच्या एका सिमेंटमध्ये वापरतो. कापसाला थोडं तेल लावून दाढेच्या खड्ड्यात ठेवा, हिरडीवर ओतू नका. पण मिश्री मात्र नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिनं दात बरा होत नाही, तोंडाचा कॅन्सर मात्र होऊ शकतो. आणि सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक देऊ नका, बाम चोळू नका.

खुर्चीत नेमकं काय होतं?

भीती असते ती न कळण्याची. म्हणून क्रमाने सांगते.

आधी एक्स-रे. त्याशिवाय रूट कॅनल सुरू करायचं नाही. दाताच्या छोट्या एक्स-रेमधला किरणोत्सर्ग फार कमी असतो. निसर्गातून आपल्याला रोज जो मिळतोच, त्याच्या एखाद्या दिवसाइतका किंवा त्याहूनही कमी.

मग भुलीचं इंजेक्शन. खरं बोलते, जी दाढ अगदी पेटलेली आहे, विशेषतः खालची, तिला भूल चढायला कधी कधी त्रास होतो आणि दुसरं इंजेक्शन द्यावं लागतं. वेळेवर आलात तर हा त्रास टळतो. काम चालू असताना दुखलं तर डावा हात वर करा. डॉक्टरांनी थांबलंच पाहिजे. सहन करणं हा काही पराक्रम नाही.

मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. १८६४ साली सॅनफोर्ड बार्नम नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तो शोधून काढला. दीडशे वर्षं होऊन गेली तरी त्याला तोड नाही. थुंकीतले जंतू दातात जात नाहीत आणि आमची बारीक हत्यारं किंवा औषध तुमच्या घशात जात नाही. ‘डॉक्टर, तुम्ही रबर डॅम लावता का?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मग दाताला वरून भोक पाडून पल्प काढतात. प्रत्येक वाटेची लांबी मोजतात, बारीक कानशीसारख्या फाइल्सनी ती साफ आणि रुंद करतात. मधे मधे औषधाने धुतात. ते औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आपण घरात ब्लीच वापरतो त्याच जातीचं. खरं काम या धुण्यातच असतं, कारण वाटेला ज्या फांद्या असतात तिथे फाइल पोचत नाही, पाणी पोचतं. आपली पाण्याची टाकी साफ करणारे नुसतं पाणी उपसून गेले तर आपण पैसे देऊ का? घासायला हवं आणि धुवायला हवं. तसंच.

शेवटी त्या वाटा भरून बंद करतात. भरायला वापरतात ते गटापर्चा. मलाया भागातल्या एका झाडाचा हा चीक. गंमत सांगते, १८७० साली समुद्राखालून मुंबईपर्यंत तारायंत्राची केबल आली, तिच्यावर खाऱ्या पाण्यापासून बचावासाठी हाच गटापर्चा चढवला होता. ज्याने समुद्राचं पाणी आत येऊ दिलं नाही, तो तुमच्या दाढेत लाळ येऊ देत नाही.

हे सगळं कधी एका बैठकीत होतं, कधी दोन-तीन. योग्य दातावर केलं तर दोन्हींचे निकाल सारखेच येतात. एका दिवसात करणारा डॉक्टर हुशार आणि तीन बैठका घेणारा पैसे काढणारा, असं नसतं. पू असेल तर मधे औषध ठेवून थांबावं लागतं. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुसतं, ते नेहमीचं. सूज आली किंवा दुखणं वाढत गेलं तर मात्र फोन करा.

कॅप म्हणजे चैन नव्हे

सगळ्यात जास्त वाद इथे होतो. ‘ताई, रूट कॅनल झालं ना, मग कॅप कशाला? वरचा खर्च.’ यावर मी दातांच्या कण्या केल्या आहेत, अक्षरशः.

दाढेचा बराचसा भाग किडीने खाल्लेला असतो. उरलेल्यातून आम्ही आत जायला वाट केलेली असते. राहिलेल्या भिंती पातळ. त्यावर आपण चकली, शेंगदाणे, सुपारी फोडणार. एक दिवस दाढ उभी चिरते, आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ जगातला कुठलाही डॉक्टर वाचवू शकत नाही. काढावी लागते.

अमेरिकेत विमा असलेल्या रुग्णांच्या रूट कॅनल झालेल्या १४ लाखांहून अधिक दातांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर ९७ टक्के दात तोंडात शिल्लक होते. म्हणजे उपचार टिकतो. आणि जे थोडे दात काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. यापुढे मी काय सांगू? पुढच्या दातांना, फारसे किडलेले नसतील, तर कॅप लागतेच असं नाही. पण चावायच्या दाढेला लागते, आणि ती काही आठवड्यांच्या आत बसवा. तात्पुरतं सिमेंट हे प्लास्टिकच्या ताडपत्रीसारखं आहे. एक पाऊस निघतो त्यावर, चार महिने नाही.

कुणी जास्त जपायचं?

मधुमेह असेल तर साखर तपासून या, आणि उपचार पुढे ढकलू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. रूट कॅनलसाठी त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत, दात काढण्यापेक्षा यात रक्तस्राव कमी. हाडं ठिसूळ झाली म्हणून आजींना काही गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतात, त्यांतल्या काहींमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. अशांचा दात शक्यतो रूट कॅनल करून वाचवणं बरं. म्हणून येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावर मला काही कळत नाही.

गरोदरपणात चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा. पण तीव्र दुखणं असेल तर कुठल्याही महिन्यात थांबू नये, फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

आणि छोट्यांच्या आईबाबांसाठी एक. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. आधीचा कुठलाही दुधाचा दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडेल की, कशाला भरायची?’ ती कायमची आहे! ती जन्मभर पुरवायचीय, आणि सगळ्यात जास्त कीडही तिलाच लागते.

सभासदांचे प्रश्न

*वरची दाढ काढली किंवा नस काढली तर नजर कमी होते का?*

नाही. दाताच्या आतली नस म्हणजे एका मोठ्या मज्जातंतूचं अगदी शेवटचं, दातापुरतं टोक. डोळ्याची दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी. दात काढायचं वय आणि चष्मा लागायचं वय बहुधा एकच, म्हणून हा गैरसमज घरोघरी आहे.

*रूट कॅनल केलेल्या दातामुळे शरीरात दुसरे आजार होतात, असे व्हिडिओ येतात.*

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा एक सिद्धांत होता, आणि त्यापायी लोकांचे चांगले दात उपटले गेले. पुढच्या संशोधनात तो टिकला नाही. पू झालेला दात तसाच ठेवणं धोक्याचं, उपचार केलेला नाही.

*माझं वय ७६. आता कशाला एवढा खटाटोप?*

आजोबा, दुखणं वय विचारून येत नाही. वयाची अट नाही. उलट पुढे कवळी किंवा ब्रिज बसवायचा तर आधाराला आपला एखादा दात असणं फार मोलाचं.

*त्यापेक्षा काढून इम्प्लांट का नको?*

इम्प्लांट चांगलंच आहे. पण इमारत दुरुस्त होण्यासारखी असेल तर आपण रिडेव्हलपमेंटला जातो का? आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारतो. दात चिरलेला असेल, हाडाचा आधार गेला असेल, वर कॅप धरायला काहीच उरलं नसेल, तर मी स्वतः सांगेन की काढा. तसं नसेल तर आपला तो आपला.

*एकदा केलेलं रूट कॅनल बिघडतं का?*

बिघडू शकतं. एखादी वाट राहून गेली, कॅप गळती झाली, नवीन कीड लागली तर. बहुतेक वेळा ते पुन्हा करता येतं. नस नसल्यामुळे नवी कीड लागली तरी थंड-गरम कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा दाखवा आणि अधूनमधून एक्स-रे काढा.

*दोन ठिकाणी विचारलं, खर्चात एवढा फरक का?*

दाढ कुठली, वाटा किती, कॅप कशाची, काम साध्या डॉक्टरने केलं की या विषयात एमडीएस केलेल्या तज्ज्ञाने, यावर तो असतो. आकडा विचारताना कॅपसकट विचारा, नाहीतर तुलना चुकते. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा. हत्यारं ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या बंद पाकिटातून निघतात का ते बघा. मला विचारलंत तर मी रागावणार नाही. आणि खर्च झेपत नसेल तर दात काढून टाकायची घाई करू नका. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात हे काम करतात. वेळ जास्त लागतो, खेटे पडतात, पण काम नीट होतं. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींना, वॉचमन दादांना हे जरूर सांगा. दात दुखला की सुट्टी आणि पैसे दोन्ही परवडत नाहीत, म्हणून ती माणसं सरळ दात काढून मोकळी होतात.

शेवटचं

मॉडेल बायलॉजमध्ये लिहिलंय, इमारत १५ वर्षांची झाली की ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. आपण केलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, म्हणून आज इथे कोरड्यात बसलोय. वरच्या मजल्यावर ओल दिसली तेव्हाच केलं, स्लॅब पडायची वाट पाहिली नाही. दातांचंही तेवढंच करा. वर्षातून एकदा दाखवा. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करा, पेस्ट थुंका, पण लगेच खळाखळा चुळा भरू नका. सुपारी सोडा.

आपल्याकडे म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा हप्ते फेडता फेडता चणे जेमतेम होते, दात मात्र सगळे होते. आता देवाच्या दयेने चणे आहेत. दात शिल्लक ठेवूया.

आणि हो, भाषणाआधी काका मला म्हणाले, ‘त्या वहीतलं माझं नाव खोडलंस का?’ खोडलंय काका. तुमची कॅप सात वर्षं झाली, घट्ट आहे. पण वहीत अजून आपल्या सोसायटीतली अकरा नावं आहेत. कोण ते मी सांगणार नाही. ज्यांचं त्यांना माहीत आहे. शनिवारी फोन यायच्या आधी तुम्हीच या.